घरबसल्या कानउघाडणी

मराठी भाषेंतील 'कानउघाडणी' हा शब्द कोणालाच प्रिय नाहीं. वडील मंडळींनीं धाकट्यांची, साहेबानें कारकुनाची आणि मास्तरांनीं विद्यार्थ्यांची करावयाची ती कानउघाडणी. ज्याची ती होते त्याचे कान त्या वेळीं लाल होतात एवढें खरें. उघडतात कीं नाहीं हा प्रश्न वेगळा. आजच्या भाषणांत मात्र हा शब्द अगदीं अक्षरशः घ्यावयाचा आहे. कानांत मळ सांठून कान खरोखरच बंद झाला असतां तो कसा उघडावा, कोणी उघडावा, आणि त्या कामासाठीं एखाद्या जाणत्या माणसाला घरीं बोलावलें तर त्याची पारख कशी करावी, एवढाच हा विषय आहे. तो ऐकून कोणी नाक मुरडील. पण ज्या घरांत एखादा वृद्ध मनुष्य गेले सहा महिने "काय? काय म्हणालास?" असें विचारीत बसला आहे, त्या घराला तो क्षुल्लक वाटणार नाहीं.

असें एक घर डोळ्यांपुढें आणावें. आजोबांचें वय अठ्ठ्याहत्तर. दृष्टि चांगली, वर्तमानपत्र रोज पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचणार. नातू आंतून हांक मारतो, "आजोबा, चहा झाला," आणि आजोबा उत्तर देतात, "झाला का सुरू? मग गच्चीवरचे कपडे आणा." सगळे हंसतात, आजोबाहि हंसतात. पुढें हें हंसणें ओसरतें. पूर्वीं दोनदां सांगणारी सून एकदांहि सांगेनाशी होते. मुलगा पाहुण्यांना हलक्या आवाजांत सांगूं लागतो कीं, बाबांना आतां नीटसें कळत नाहीं. हलका आवाज अनावश्यकच असतो, कारण बाबांना ऐकूंच येत नाहीं. ऐकूं न येणें आणि न समजणें ह्या दोन गोष्टी घरच्यांच्या मनांत केव्हां एक होऊन जातात याचा पत्ता कोणालाच लागत नाहीं. आणि आजोबा स्वतः? तेहि हळूहळू बोलणें सोडतात.

आतां ह्या बहिरेपणाचें कारण वय हें असेल. पण तें नसूंहि शकेल. अमेरिकेंतील कान-नाक-घशाच्या वैद्यांच्या संस्थेनें २०१७ सालीं जी मार्गदर्शिका प्रसिद्ध केली तींत असें प्रमाण दिलें आहे कीं, कानांत घट्ट बसलेला मळ दहा मुलांपैकीं एकाच्या, वीस प्रौढांपैकीं एकाच्या आणि वृद्धांपैकीं तृतीयांशाहूनहि अधिकांच्या कानांत आढळतो. म्हणजे तीन आजोबांमागें एका आजोबांच्या कानांत असा मळ असूं शकतो, आणि त्यामुळें आलेला थोडाबहुत बहिरेपणा घरच्या खुर्चीवर दूर होऊं शकतो. मुलांचें प्रमाणहि विसरण्याजोगें नाहीं. शाळेंत मागच्या बांकावर बसणारा, प्रश्न विचारला कीं भलतेंच उत्तर देणारा 'ढ' विद्यार्थी कधीं कधीं ढ नसतो. त्याला प्रश्नच अर्धा पोंचलेला असतो. त्याचा कान पिळण्यापूर्वीं त्या कानांत एकदां पाहिलें असतें तर पुष्कळांचें बालपण अधिक सुखाचें गेलें असतें.

मुळांत 'मळ' हें नांवच ह्या पदार्थावर अन्याय करणारें आहे. कानाच्या छिद्रापासून पडद्यापर्यंतची नळी मोठ्या माणसांत सुमारें अडीच सेंटिमीटर, म्हणजे एका इंचाएवढी असते. तिचा बाहेरचा तिसरा हिस्सा कूर्चेचा आणि आंतले दोन हिस्से हाडाचे. बाहेरच्या हिश्शाच्या कातडींत बारीक केस असतात व दोन प्रकारच्या ग्रंथि असतात. एक तेलकट स्राव देणाऱ्या, आणि दुसऱ्या घामाच्या ग्रंथींच्याच जातीच्या, पण निराळें काम पत्करलेल्या. ह्या दोहोंचा स्राव आणि कातडीचे झडलेले सूक्ष्म पापुद्रे मिळून जें तयार होतें तें कानांतलें मेण. तें किंचित् आम्ल असतें, त्यामुळें जंतु आणि बुरशी तेथें सहसा माजत नाहींत. आंतली नाजूक कातडी तें तेलकट ठेवतें, धूळ अडवितें, पाणी आंत मुरूं देत नाहीं. ज्यांच्या कानांत तें मुळींच नसतें त्यांना कोरड पडून खाज सुटते. मग त्या खाजेवर उपाय म्हणून ते कान कोरतात, आणि खाज आणखी वाढते.

असें असतां नळी भरून कां जात नाहीं? कारण कानाची कातडी चालते. ऐकून नवल वाटेल, पण पडद्याच्या मध्यापासून कातडीचा वरचा थर सावकाश बाहेरच्या दिशेनें सरकत असतो. त्याचा वेग साधारण नख वाढतें तेवढाच. तो आपल्याबरोबर मेण वाहून आणतो, आणि जेवतांना-बोलतांना जबड्याची जी हालचाल होते ती त्याला पुढें ढकलते. शेवटीं वाळलेले कण उशीवर किंवा पंचावर गळून पडतात व कोणाच्या लक्षांतहि येत नाहीं. झाडणारा न ठेवतांहि स्वच्छ राहणारी ही एक गल्ली आहे. तिच्यांतला मालहि सर्वांचा सारखा नसतो: कोणाचें मेण ओलें व पिवळसर-तपकिरी, कोणाचें कोरडें, कोंड्यासारखें. चीन, जपान, कोरिया ह्या देशांत बहुतेकांचें कोरडें, युरोप व आफ्रिका खंडांत ओलें, भारतांत दोन्ही. हा भेद एकाच जनुकांतल्या एका अक्षराच्या फरकामुळें पडतो असें जपानी शास्त्रज्ञांनीं २००६ सालीं दाखवून दिलें.

ही व्यवस्था बिघडते ती कांहीं वेळां निसर्गानेंच. कोणाची नळी जन्मतः अरुंद व वांकडी असते. उतारवयांत मेण कोरडें पडतें, पुरुषांच्या कानांतले केस राठ होतात आणि वाट अडते. जे दिवसभर श्रवणयंत्र लावतात, अथवा गाणीं ऐकण्याचीं बोंडें कानांत घालून हिंडतात, त्यांच्या गल्लीच्या तोंडाशीं दरवाजाच बसविलेला असतो. पण बिघाडाचें सर्वांत सामान्य कारण म्हणजे मनुष्याची स्वच्छतेची हौस. किल्ली, केसांतला आंकडा, आगपेटीची काडी, पेन्सिल, ह्यांपैकीं कानांत गेलें नाहीं असें काय आहे? आणि ह्या सर्वांवर ताण म्हणजे कापूस गुंडाळलेली कांडी. १९२३ सालीं अमेरिकेंत लिओ गर्स्टेनझँग नांवाच्या गृहस्थानें आपल्या पत्नीला, दांतकोरण्याच्या टोंकाला कापूस गुंडाळून तान्ह्या मुलाला पुसतांना पाहिलें व तशा तयार कांड्या विकण्यास आरंभ केला. १९२६ सालापासून त्या 'क्यू-टिप्स' ह्या नांवानें विकल्या जाऊं लागल्या. आज त्याच कांड्यांच्या वेष्टनावर, ह्या कानाच्या नळींत घालूं नयेत, अशी सूचना छापलेली असते. ती कोणी वाचीत नाहीं. अमेरिकेंतल्याच एका अभ्यासांत, १९९० ते २०१० ह्या काळांत सुमारें दोन लक्ष त्रेसष्ट हजार मुलांना ह्या कांडीनें कानाला इजा झाल्यामुळें इस्पितळांच्या तातडीच्या विभागांत आणावें लागलें असें आढळलें. ठासणीच्या बंदुकींत गजानें दारू ठासतात, तसेंच कांडीचें काम चालतें. टोंकाला थोडें पिवळें लागून येतें, मनुष्य समाधान पावतो, आणि उरलेलें सारें पडद्याकडे ठासलें जातें.

अशा रीतीनें ठासलेला मळ कित्येक वर्षें बिनबोभाट राहूं शकतो, कारण कडेनें केसभर वाट असली तरी आवाज आंत जातो. मग एखाद्या दिवाळीच्या पहांटे आजीबाई परंपरेप्रमाणें सर्वांच्या कानांत तेलाचे थेंब घालतात, डोक्यावरून ऊन पाण्याचे तांबे ओतले जातात, मळ पाणी पिऊन फुगतो आणि उरलेली वाटहि बंद होते. फराळाच्या ताटावर बसेपर्यंत एक कान ठार बंद. मनुष्य घाबरतो, डोकें एका बाजूला करून उड्या मारतो, कोमट तेलांत लसूण तळून तें कानांत ओततो. घरगुती तेल साधें व कोमट असेल तर मळ मऊ करण्यापलीकडे त्यानें बहुधा अपाय होत नाहीं. पण कडकडीत तेलानें कान भाजल्याचीं उदाहरणें घडतात, आणि पडद्याला भोंक असेल तर तें तेल जेथें जाऊं नये तेथें जातें.

येथूनच 'जाणत्या माणसाला बोलवा' हा विचार सुरू होतो, आणि तो फार जुना आहे. हडप्पा येथील उत्खननांत तांब्याचा एक लहान संच सांपडला. त्यांत टोंचणी व चिमटा यांच्या जोडीला कान कोरण्याची एक पळीहि आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रांत कानाचे अठ्ठावीस रोग सांगितले आहेत, त्यांत वाळून घट्ट झालेल्या मळाला 'कर्णगूथक' असें नांव आहे. त्यावरचा उपाय असा कीं, प्रथम तेलानें मळ भिजवावा, शेक देऊन सैल करावा, आणि मग वैद्यानें शलाकेनें नीट काढावा. ह्या शलाकेवरूनच मानेच्या वरच्या अवयवांच्या चिकित्सेला शालाक्यतंत्र म्हणतात. दोन गोष्टी येथें ध्यानांत घेण्याजोग्या आहेत: आधीं मऊ करणें आणि मग काढणें हा क्रम, आणि काढणारा वैद्य असावा ही अट. क्रम पुढच्या पिढ्यांनीं बराचसा पाळला. अट मात्र गळून पडली.

महाराष्ट्रांतल्या खेड्यांत ही शलाका न्हाव्याच्या धोकटींत गेली. वस्तरा, कात्री, नराणी, चिमटा, आरसा, पाण्याची वाटी आणि कानकोरणें. बारा बलुतेदारांतला हा कारागीर धोकटी घेऊन घरीं येई, ओटीवर यजमानाची हजामत करी, नखें काढी, आणि शेवटीं मान कलती करून कान साफ करून देई. त्याच्या बलुत्यांत ह्या कामाचा निराळा हिशेब नव्हता. ज्यांना तोंवर धीर नसे त्यांच्या चंचींत सुपारी-लवंगेबरोबर दांतकोरणें व कानकोरणें असेच. शहरांत आणखी एक धंदा उभा राहिला. मुंबई-दिल्लीसारख्या ठिकाणीं स्टेशनाबाहेर, बागेंत, मशिदीच्या पायऱ्यांपाशीं लाल पगडी अथवा टोपी घातलेला, तींत लांब सळ्या खोंचलेला, खांद्याला पिशवी लावलेला मनुष्य अनेकांनीं पाहिला असेल. बापाकडून मुलाला मिळालेली ही विद्या. अशा कारागिराच्या हाताचा स्थिरपणा पाहून सुशिक्षितांनींहि मान डोलवावी असा असतो. त्यांच्यांतील कोणी कोणी हातचलाखीनें कानांतून 'खडा' काढून दाखवितात आणि त्या खड्याचे निराळे पैसे मागतात, हेंहि तितकेंच प्रसिद्ध आहे. परंतु खरी उणीव खड्याची नव्हे, आणि हाताचीहि नव्हे. तीच सळई फडक्याला पुसून ह्या कानांतून त्या कानांत जाते, ही एक उणीव. आणि दुसरी, तिच्याहून मोठी, म्हणजे त्याला आंतलें दिसत नाहीं. उन्हाची तिरीप आंत जाईल तेवढें तो पाहतो, पुढचें बोटांच्या अंदाजानें. इंचभर नळीच्या शेवटीं कागदासारखा पातळ पडदा आहे. तेथें अंदाज चालत नाहीं.

ही अडचण युरोपांतल्या डॉक्टरांनाहि होतीच. ढगाळ दिवशीं तर त्यांचें काम बंदच पडे. १८४१ सालीं हॉफमन नांवाच्या एका जर्मन डॉक्टरानें मधोमध छिद्र असलेला अंतर्गोल आरसा वापरून कानांत उजेड पाडण्याची युक्ति प्रसिद्ध केली. पाहणाऱ्याचा डोळा छिद्रामागें, उजेड आरशावरून कानांत. पुढें फॉन ट्रॉल्च ह्यानें ती प्रचारांत आणली. जुन्या चित्रांत डॉक्टराच्या कपाळावर जो गोल आरसा दिसतो तो हाच. आज त्याची जागा छोट्या विजेच्या दिव्यानें, भिंगानें व सूक्ष्मदर्शकानें घेतली आहे. पण आधीं पाहावें आणि मगच हात घालावा, हा नियम त्या आरशानें घालून दिला.

घरीं येऊन कान साफ करून देण्याचा धंदा आज नव्या स्वरूपांत पुन्हां उभा राहिला आहे, आणि त्याचा सर्वांत ठळक नमुना इंग्लंडांत पाहावयास मिळतो. तेथें हें काम पूर्वीं गल्लींतल्या सरकारी खर्चाच्या दवाखान्यांत परिचारिका करून देत असे. गेल्या दहा-पंधरा वर्षांत पुष्कळ दवाखान्यांनीं तें सोडून दिलें. २०१८ सालीं तेथील राष्ट्रीय मार्गदर्शक संस्थेनें, मळामुळें ज्यांना ऐकूं येत नाहीं त्यांचा मळ जवळच्याच दवाखान्यांत काढून देण्याची सोय असावी, असें स्पष्ट लिहिलें. तरीहि सर्वत्र तसें झालें नाहीं. मग ज्याला परवडेल त्यानें पैसे मोजून श्रवणतज्ज्ञ अथवा अनुभवी परिचारिका घरीं बोलवावी, आणि ज्याला परवडणार नाहीं त्यानें बहिरें राहावें, अशी अवस्था झाली. तिकडे राहणाऱ्या मराठी कुटुंबांना हा अनुभव नवा नसेल. खाटेवरून उठतां न येणाऱ्या वृद्धाला मात्र ही घरपोच सेवा हें खरोखरीचें वरदान आहे. मुंबई-पुण्याकडेहि घरीं येऊन तपासणाऱ्यांच्या जाहिराती आतां दिसतात. तेव्हां असा मनुष्य दारांत उभा राहिल्यावर त्यानें काय करावें आणि काय करूं नये, हें घरच्यांना ठाऊक असलेलें बरें.

चांगल्या कारागिराची पहिली खूण अशी कीं तो पेटी उघडण्यापूर्वीं प्रश्न विचारतो. कान कधीं फुटला होता का? पू येत असे का? कानाची शस्त्रक्रिया झाली आहे का? कान दुखतो का? मधुमेह आहे का? रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू आहेत का? ऐकूं येणें कमी झालें तें हळूहळू, कीं एकाएकीं? हे प्रश्न औपचारिक नव्हेत. पडदा फाटलेला असेल तर पाणी आंत मध्यकर्णांत जाऊन रोग उत्पन्न होतो. वृद्ध मधुमेही माणसाच्या कानाच्या नळीला लहानशी जखम होऊन तींत जंतु शिरले, तर तो दाह कवटीच्या हाडापर्यंत पसरूं शकतो आणि जिवावर बेततो. अशा माणसाच्या कानांत नळाचें पाणी मारणें हें धाडस आहे. हे प्रश्न न विचारतां जो थेट काडी काढतो त्याला चहा देऊन परत पाठवावें.

नंतर तो दिवा लावून दोन्ही कानांत पाहतो. ज्या कानाची तक्रार नाहीं त्यांतहि. मोठ्या माणसाच्या कानाची पाळी वर व मागें ओढली म्हणजे वांकडी नळी सरळ होते. मळ कठीण दिसला तर चांगला मनुष्य बहुधा त्या दिवशीं कांहींच काढीत नाहीं. तीन ते पांच दिवस तेलाचे अथवा खाण्याच्या सोड्याच्या औषधी द्रावणाचे थेंब घालावयास सांगून तो निघून जातो. घरच्यांना वाटतें, पैसे घेतले आणि काम केलें नाहीं. वास्तविक तेंच काम आहे. सुश्रुताचा तोच क्रम आहे. थेंबांच्या बाबतींत महागडी बाटलीच हवी असें नाहीं. २०१८ सालीं ह्या विषयावरच्या प्रयोगांचा जो पद्धतशीर आढावा प्रसिद्ध झाला, त्यांत कोणतेंहि एक औषध दुसऱ्याहून, किंबहुना साध्या पाण्याहून वा मिठाच्या पाण्याहूनहि, सरस असल्याचा भरंवशाचा पुरावा सांपडला नाहीं.

काढण्याच्या रीति मुख्यतः तीन. पहिली पाण्याची. पूर्वीची मोठी धातूची पिचकारी आतां वापरूं नये असें इंग्लंडांतल्या त्याच संस्थेनें सांगितलें आहे, कारण हाताच्या दाबाला मोजमाप नसतें. त्याऐवजीं दाब आंवरणारें विजेचें यंत्र असतें. धार पडद्यावर सरळ मारीत नाहींत; नळीच्या वरच्या-मागच्या भिंतीवर मारतात, म्हणजे पाणी मळाच्या मागें जाऊन त्याला बाहेर लोटतें. पाणी मात्र शरीराच्या उष्णतेचें, म्हणजे सदतीस अंशांचें पाहिजे. थंड किंवा ऊन पाणी गेलें कीं घर फिरूं लागतें. व्हिएन्नामध्यें रॉबर्ट बारानी ह्या डॉक्टराच्या रुग्णांनीं अशीच तक्रार केली होती. दुसऱ्या कोणी ती कानाआड केली असती. त्यानें विचार केला कीं, थंड पाण्यानें डोळे एका दिशेला झटके खातात आणि ऊन पाण्यानें उलट दिशेला, हें कां? आंतल्या कानांतील अर्धवर्तुळाकार नळ्यांतला द्रव तापल्या-निवल्यामुळें हालतो, हें त्यानें ओळखलें. शरीराचा तोल सांभाळणाऱ्या इंद्रियाची परीक्षा करण्याची रीत त्यांतून निघाली व त्याला १९१४ सालचें नोबेल पारितोषिक मिळालें. पारितोषिकाची वार्ता पोंचली तेव्हां तो रशियाच्या युद्धकैद्यांत होता. कानांतला मळ धुण्याच्या कामाला कमी लेखणाऱ्यांनीं ही हकीकत आठवावी.

दुसरी रीत शोषकनळीची. डोळ्यांवर भिंगें आणि कपाळावर दिवा लावून, प्रत्यक्ष पाहत, बारीक नळीनें मळ ओढून घ्यावयाचा. कान कोरडा राहतो, आणि पाणी जेथें वर्ज्य तेथें ही चालूं शकते. इस्पितळांत मोठा सूक्ष्मदर्शक असतो, घरीं येणाऱ्याजवळ भिंगें अथवा टोंकाला कॅमेरा असलेली बारीक दुर्बीण. हिचा आवाज कानाशीं मोठा होतो. वृद्धांना तो आधीं सांगून ठेवावा. तिसरी रीत आंकडा, पळी व चिमटा ह्यांची, म्हणजे न्हाव्याचीच; फरक एवढाच कीं येथें हत्यार शुद्ध केलेलें असतें आणि हातापुढें डोळा चालतो. कोणतीहि रीत असो, वेदना होतां कामा नये. दुखलें कीं थांबावयाचें. मध्येंच खोकला आला तर मात्र घाबरूं नये. फुप्फुसें आणि जठर यांच्याकडे जाणाऱ्या मज्जातंतूचा एक फांटा कानाच्या नळींत येतो, त्याला स्पर्श झाला कीं कांहीं लोकांना खोकल्याची उबळ येते. क्वचित् कोणाला घेरीहि येते. म्हणून पाठीला व डोक्याला आधार असलेली खुर्ची खिडकीजवळ ठेवावी, आणि मुलें-नातवंडें यांना तमाशा पाहण्यासाठीं भोंवतीं जमूं देऊं नये.

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट. घरीं आलेला मनुष्य कानांत पाहतो आणि म्हणतो, "येथें मळ नाहीं." हें वाक्य बोलण्यांत त्याचें नुकसान आहे, काढण्याजोगें कांहीं नसेल तर पैसे कशाचे घ्यावयाचे? तरीहि तें बोलणारा मनुष्यच खरा. कारण सकाळीं उठतांच एक कान एकाएकीं बंद झाला आणि आंत तर मळ नाहीं, असें असेल तर तो आंतल्या कानाच्या मज्जातंतूचा आजार असण्याचा संभव असतो. त्यावर उपचार आहेत. परंतु ते दिवसांच्या आंत सुरू व्हावे लागतात. इंग्लंडांतला नियम असा कीं, तीन दिवसांच्या आंत ऐकणें एकाएकीं गेलें असेल आणि त्याला महिना उलटला नसेल, तर रुग्णाला चोवीस तासांच्या आंत तज्ज्ञ डॉक्टरांनीं पाहावें. अशा रुग्णाला कोणी 'मळच आहे' म्हणून आठ दिवस थेंब घालीत ठेवलें, तर गेलेला कान कायमचा जाऊं शकतो. थोडासा मळ प्रत्येकाच्या कानांत असतोच. तो काढून दाखवून पैसे घेणें अगदीं सोपें आहे. म्हणूनच येथें सचोटीची किंमत हाताच्या कसबाहून जास्त. मळ काढल्यावरहि ऐकूं येत नसेल तर हाच न्याय लावावा, आणि श्रवणाची परीक्षा करवून घ्यावी.

कांहीं प्रसंगीं तर घरच्या कारागिरानें हातच लावूं नये. मुलानें कानांत हरभरा किंवा वाटाणा घातला असेल तर पाणी घातल्यानें तो फुगून अडकतो. घड्याळांतली चपटी बॅटरी असेल तर ती कांहीं तासांत आंतली कातडी जाळते. तीसाठीं थेंब नाहींत, पाणी नाहीं, थेट इस्पितळ. जिवंत किडा शिरला असेल तर तेल घालून तो आधीं मारावा आणि मग डॉक्टरांकडे जावें. कानांत पोकळ मेणबत्ती खोंचून पेटविण्याची एक टूम परदेशांतून आली आहे. तिच्या उष्णतेनें मळ वर ओढला जातो असें सांगतात. प्रयोग करून पाहणाऱ्यांना कसलेंहि ओढणें आढळलें नाहीं, आणि जें पिवळें मेण पाहून लोक खूष होतात तें त्या मेणबत्तीचेंच असतें. स्टेशनाबाहेरचा खडा तेवढा बरा, त्यांत आग तरी नसते. टेलिफोनच्या पडद्यावर कानाचें चित्र दाखविणारीं कोरणींहि बाजारांत मिळतात. चित्र सुरेख दिसतें, पण टोंक पडद्यापासून किती अंतरावर आहे तें सपाट चित्रांत कळत नाहीं.

काम झाल्यावर तो दिवस कानांत पाणी जाऊं देऊं नये. स्नानाच्या वेळीं व्हॅसलीन लावलेला कापसाचा बोळा छिद्राच्या तोंडाशीं ठेवावा, आंत कोंबूं नये. पहिले कांहीं तास भांड्यांचा आवाज, पंख्याची घरघर, स्वतःचें पाऊल, सारेंच मोठें वाटतें, वृद्ध मनुष्य त्यानें वैतागतो आणि घरच्यांना "ओरडतां कां?" म्हणून विचारतो. घरच्यांना सहा महिन्यांची संवय लागलेली असते, त्यांना हळू बोलण्यास दोन दिवस लागतात. ज्यांच्या कानांत मळ वारंवार सांठतो त्यांनीं सहा महिन्यांनीं किंवा वर्षानें पुन्हां पाहून घ्यावें. ज्यांच्या सांठत नाहीं त्यांनीं कांहींच करूं नये. श्रवणयंत्र लावणारांनीं यंत्राची नळीहि त्याच वेळीं तपासून घ्यावी. यंत्र शिट्टी वाजवितें म्हणून तें बिघडलें असें समजून पुष्कळजण तें खणांत टाकून देतात. पुष्कळदां त्याला अडविणारा मळ कानांत असतो, किंवा यंत्राच्या टोंकाशीं राईएवढा चिकटलेला असतो. तो कोरड्या मऊ कुंचल्यानें झाडून काढावा, आणि यंत्र पुन्हां लावून पाहावें.